विझलेला दिवा कोणी पेटवला?

१

किल्ली फिरली तसे डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि पटापट विझले. एक मात्र राहिला. पिवळा, गोल, पोटात ‘एबीएस’ ही अक्षरं. तो काही केल्या विझेना.

“थांबा, थांबा, वेळ घेतोय,” मागच्या सीटवरून खटपट्या म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. सगळे थांबले. दिवा मात्र पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला.

पुढे, चालकाच्या शेजारी, आत्या बसली होती. तिचं सगळं आयुष्य त्याच सीटवर गेलेलं. तिची गाडी शिकवण्याची शाळा होती आणि अर्धं गाव तिच्या शिव्या खात गाडी शिकलं होतं. दुसरा नाद रहस्यकथांचा. पण खऱ्या आयुष्यात तिच्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं रहस्य म्हणजे शाळेतली हरवलेली छत्री, आणि तीही शेवटी तिच्याच गाडीच्या डिकीत निघाली. आज तिला इथे तपासाला नाही, आनंद साजरा करायला बोलावलं होतं.

चालकाच्या जागी होता दादा, तिचा थोरला भाऊ. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला, आता निवृत्त. आज त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. गाडीला क्लच नव्हता, दोनच पायडल. तरी दादाने खाली वाकून, पाय कुठे आहे ते बघून ब्रेक दाबला होता आणि मगच किल्ली फिरवली होती. मागे वहिनी, त्यांचा थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा. थोरला बँकेत होता आणि घरातही बँकेतल्यासारखाच वागायचा, म्हणून सगळे त्याला साहेब म्हणत. धाकटा तो खटपट्या. रांगायला लागल्यापासून हाती आलेली वस्तू त्याने उघडून बघितल्याशिवाय सोडलेली नव्हती.

खटपट्याचा कारखाना बंद पडला होता. त्याला घरामागच्या शेडमध्ये गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक कामांचं दुकान थाटायचं होतं. साहेबाला तीच शेड आपल्या नव्याकोऱ्या गाडीसाठी हवी होती. दादाने सगळ्यांसमोर निकाल दिला होता: “माझ्या गाडीचा तो पिवळा दिवा घरच्या घरी विझवून दाखव. विझला तर शेड तुझी. नाही विझला तर साहेबाची, आणि तू गुमान मिळेल ती नोकरी धरायची.” निकालाची वेळ आजची संध्याकाळ. दिवा विझला की दादा सगळ्यांना टेकडीवर फिरवून आणणार, असंही खटपट्याने परस्पर जाहीर करून टाकलं होतं.

“झालं,” साहेब म्हणाला. “मी सांगत होतो, गाडी म्हणजे काय कुकर आहे का खोलून बसायला?”

“अरे, विझला होता! दुपारी विझला होता!” खटपट्या पुढच्या दोन सीटमधून जवळजवळ बाहेर आला. “बाबा, तुम्ही इथेच होतात. तुम्ही पाहिलंत ना? सांगा की यांना!”

दादा समोरच्या काचेकडे बघत राहिला. “माझ्या डोळ्यावर चष्मा नव्हता रे,” तो हळू म्हणाला. “मला नीट नाही दिसलं.”

खटपट्याचं तोंड उघडंच राहिलं. दादाचा चष्मा नेहमीप्रमाणे दोरीला बांधलेला, त्याच्या छातीवर लोंबत होता.

“म्हणजे नवा पार्ट बसवलाच नाही की काय?” साहेबाने विचारलं. ते ऐकून वहिनी त्याच्यावर खेकसल्या, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. खटपट्या दार उघडून बाहेर पडला, धाडकन बॉनेट उचललं आणि आत डोकं घातलं. मग तो किंचाळलाच.

“आत्या! ही नवी नाहीये! कोणीतरी जुनी डबी परत बसवलीये!”

आत्याच्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला बोला, तो आनंदाचा काटा होता.

२

“सगळे घरात जा,” आत्याने फर्मान सोडलं. “कशाला हात लावायचा नाही. दादा, तूसुद्धा. खटपट्या, तू थांब आणि मला पहिलीतल्या पोराला सांगावं तसं सांग.”

खटपट्याने सांगितलं. ब्रेक जोरात दाबला की चाक जागीच अडकतं आणि गाडी घसरते. ते होऊ नये म्हणून एक मेंदू झरझर ब्रेक सैल-घट्ट, सैल-घट्ट करत असतो, त्यालाच एबीएस म्हणतात. हा मेंदू एका काळ्या डबीत असतो आणि डबी धातूच्या एका ठोकळ्याला स्क्रूंनी जोडलेली असते. ब्रेकचे पाइप ठोकळ्यात जातात, डबीत नाही. त्यामुळे ठोकळा जागेवर ठेवून नुसती डबी काढली तर पाइप उघडावे लागत नाहीत.

“बॅटरीची वायर काढायची, डबीचा मोठा प्लग काढायचा, स्टार पान्याने स्क्रू सोडवायचे आणि डबी सरळ, जराही तिरकी न करता ओढायची. नवी तशीच सरळ बसवायची. मग मशीन लावून तिला गाडीचा नंबर शिकवायचा. मशीन मित्राचं होतं, जेवून लगेच परत द्यायला गेलो. तो बोलत बसला, मला यायला संध्याकाळ झाली.”

“आणि जुनी परत लावायची तर?”

“तिला मशीन कशाला? ती गाडीला ओळखतेच. ब्रेकही साधे चालतात, नुसता तेवढा मेंदू चालत नाही. बघ, ही माझी खडूची फुली. सकाळी काढली तेव्हा मीच मारली होती.”

आत्या चालकाच्या जागी जाऊन बसली. रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. घड्याळात भलतीच वेळ होती.

“हे घड्याळ असं कसं?”

खटपट्या वाकला. “अगं, बॅटरी काढली की ते बारापासून सुरू होतं. पण मी काम झाल्यावर बरोबर लावलं होतं!”

“म्हणजे त्यानंतर पुन्हा कोणीतरी बॅटरी काढली.” आत्याने बोटांवर हिशेब केला. “बारापासून इतकं पुढे आलंय, म्हणजे उलटं मोजलं तर… दुपारच्या झोपेची वेळ! अरे वा! चोर घड्याळात हजेरी लावून गेला की रे!”

“आत्या, रेडिओ!” आता खटपट्यालाही चढलं होतं. “बॅटरी काढली की रेडिओ कोड मागतो. कोड टाकेपर्यंत टीं-टीं करत राहतो, बंदही होत नाही. चोरीला आळा म्हणून तसा घेतला होता बाबांनी.”

“आणि आत्ता तो गुमान हवामान सांगतोय.” आत्या उडी मारून बाहेर आली. “कोड कोणाकोणाला माहीत आहे?”

“मला, बाबांना आणि आईला. साहेबाला तर आम्ही मुद्दाम सांगितला नाही, तो मोठ्याने लावतो म्हणून.”

शेडच्या भिंतीवर दादाचा हत्यारांचा फळा होता. प्रत्येक हत्याराच्या आकाराची रेघ त्याने पांढऱ्या रंगाने ओढलेली, म्हणजे काय गेलं ते एका नजरेत कळावं. लिफ्टच्या कामातली सवय. दुकानाची तयारी म्हणून खटपट्याने नुकतीच सगळी मांडणी बदलली होती. स्टार पाने त्याने खिडकीजवळच्या नव्या आकारांत टांगले होते. त्यातला एक आकार रिकामा होता आणि तो पाना दाराजवळ, अर्धवट पुसलेल्या जुन्या रेघेवर बरोबर बसला होता.

“हा मी नाही लावला,” खटपट्या म्हणाला.

आत्या गुडघ्यांवर बसून गाडीखाली बघत होती. चालकाच्या दाराखाली, पुढच्या चाकापाशी, काहीतरी पडलं होतं. तिने हात घालून ते ओढलं आणि विजयाने डोक्यावर धरलं.

एक चप्पल. उजव्या पायाची.

३

“चोराची चप्पल सापडली!” असं ओरडत आत्या शेडमधून घराकडे धावली. मधल्या वाटेवर टोकदार खडी पसरलेली होती. तिच्या बुटांतूनही ती टोचत होती, पण अशा वेळी कोण लक्ष देतं?

बैठकीत सगळे जमले होते. बाहेर उभा असलेला उस्तादही आत येऊन बसला होता. कोपऱ्यावरचं जुनं गॅरेज त्याचं. निकालाला त्याला कोणीही बोलावलेलं नव्हतं, पण त्याला राहवलं नव्हतं.

“सगळ्यांनी पाय पुढे करा,” आत्या म्हणाली.

सगळ्यांनी पाय पुढे केले. दादाच्या डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय उघडा होता. तो शांतपणे चहा पीत होता.

“अगं, ती माझी दिसतेय,” तो खाली बघत म्हणाला. “राहिली असेल आत्ता उतरताना.”

साहेब खो-खो हसला. वहिनींनी कपाळावर हात मारला. उस्ताद तर खोकायलाच लागला. आत्यालाही हसू आवरेना. पहिलाच पुरावा आणि तो फुसका! तिने चप्पल दादाच्या पायाशी ठेवली आणि चौकशीला सुरुवात केली.

“उस्ताद, दुपारी कुठे होता?”

उस्तादचं हसू मावळलं. तो मिशीवरून हात फिरवू लागला. त्याच वेळी साहेब म्हणाला, “वरून मी पाहिलं यांना. शेडच्या खिडकीशी उभे होते.”

“बाई, आलो होतो, नाही कशाला म्हणू?” उस्ताद उसळून म्हणाला. “दिवा विझला असं गल्लीभर झालं होतं. माझा विश्वास बसेना. तीस वर्षं गाड्या करतोय. एबीएसचं काम म्हणजे आख्खा ठोकळा काढायचा, पाइप उघडायचे, ब्रेक ऑइल काढायचं, पुन्हा भरायचं, हवा काढायची. दोन माणसांचं काम. हा पोरगा म्हणतो थेंबही सांडला नाही! बघायला नको? पण शेडला कुलूप नव्हतं तरी आत नाही गेलो. खिडकीतून बघितलं. बॉनेट वर होतं, त्याच्या आड कोणी असेल तर दिसलं नाही. म्हटलं पोरगा काम करतोय, आपण कशाला अपशकुन? आलो परत.”

“बॉनेट वर होतं!” खटपट्या ओरडला. “मी लावून गेलो होतो!”

आत्याने उस्तादला हाताला धरून सरळ शेडमध्ये नेलं आणि बॉनेटखाली टॉर्च मारला. “हे काम परत करायचं झालं तर तुम्ही कसं कराल? दाखवा.”

उस्तादने बोट थेट पाइपांच्या नटांवर ठेवलं. नटांवर जुनी धूळ जशीच्या तशी होती. आजूबाजूच्या रंगावर ब्रेक ऑइलचा एक ओघळ नव्हता, आणि ते सांडलं तर रंग खाऊन टाकतं. आत्याने त्याला विचारलं, की नुसती डबी काढता येते हे त्याला कधी कळलं? उस्ताद डबीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “येते काय काढता? खरंच?”

तो आश्चर्याचा चेहरा खोटा असता तर उस्तादने गॅरेज सोडून नाटकात जायला हवं होतं. आत्याने त्याचं नाव मनातल्या मनात खोडलं.

मग साहेब. तो वरच्या मजल्यावर झोपला होता. मधून मधून उठून खिडकीतून आपली गाडी उन्हात तापते का बघत होता.

“शेड मला हवीये, मान्य. पण म्हणून मी असलं काही करेन? आणि मला येतं तरी का ते?”

“झोपेत टीं-टीं असा आवाज आला?”

“नाही. आला असता तर मी खाली येऊन भांडलो असतो.”

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. शिवाय हत्यार वापरून जागेवर टांगणारा माणूस साहेब असूच शकत नव्हता. त्याने जन्मात चहाचा कप जागेवर ठेवलेला नव्हता.

“आत्या,” खटपट्याने तिला दाराआड ओढून विचारलं, “नवी डबी कुठे असेल? विकली असेल? फोडली असेल?”

“चल, शोधू,” आत्या म्हणाली. “शेडपासून सुरू करू.”

४

शोधायला फार वेळ लागला नाही, आणि आत्याला नेमकं तेच खटकलं. वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे, पत्र्याचा एक स्वच्छ डबा होता. आत नवी डबी. ती आली होती त्याच चंदेरी पिशवीत, तोंड नीट दुमडून, भोवती धुतलेला टॉवेल गुंडाळून.

खटपट्याने ती दोन्ही हातांनी उचलली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “काही झालेलं नाही तिला,” तो म्हणाला. “पिनासुद्धा सरळ आहेत.”

“ही पिशवी कुठे होती सकाळी?”

“मी कचऱ्यात टाकली होती.”

म्हणजे कोणीतरी ती कचऱ्यातून काढली, झटकली, पुसली आणि वापरली. ज्याला खटपट्याचं वाटोळं करायचं असतं त्याने डबी नाल्यात फेकली असती. हा माणूस त्या डबीला जपत होता. ती पुढे कधीतरी लागणार हे त्याला ठाऊक होतं.

आत्याला आता इतका चेव आला होता, की ती खडीवरून घराकडे जवळजवळ नाचतच निघाली. सगळे धागे हातात होते! कोड माहीत असलेला माणूस. सकाळी खटपट्याचं काम शेजारी उभं राहून पाहिलेला माणूस. हत्यार वापरून झाल्यावर हात ज्याचा आपोआप जुन्या जागेकडे जातो असा माणूस. समोरून साहेब येत होता. डबी सापडल्याचा आरडाओरडा ऐकून तो तसाच अनवाणी धावला होता आणि खडीवर आल्याबरोबर “आई गं, आई गं” करत एका पायावर उड्या मारायला लागला.

“चप्पल घालून ये रे बाबा,” आत्या हसत म्हणाली.

आणि बोलता बोलता ती थांबली. तिचं हसू तोंडावरच राहिलं. ती पायाखालच्या खडीकडे बघत राहिली, मग घराच्या उघड्या दारातून आत बसलेल्या दादाकडे.

तिला आता सगळं कळलं होतं. आणि ते कळायला नको होतं असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

५

“डबी सापडली ना, मग झालं,” आत्या बैठकीत येऊन म्हणाली. “कोणी केलं ते सोडा. उद्या खटपट्या ती परत बसवेल.”

“सोडा काय, वन्सं?” वहिनी म्हणाल्या. “घरात अशी गोष्ट होते आणि सोडा?”

“तसं नाही चालणार,” साहेबाने मान हलवली. “निकाल आज संध्याकाळचा होता. डबी शेडमध्येच होती, म्हणजे याने लावलीच नसेल, जमलं नसेल, आणि मग हे सगळं चोराचं नाटक. मी तसं म्हणत नाही. पण उद्या कोणी म्हणालं तर?”

खटपट्याने त्याच्याकडे बघितलं नाही. तो बघत होता दादाकडे. दादा चहाच्या कपात बघत होता. मग खटपट्याने खिशातून शेडची किल्ली काढली, साहेबासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “घे. मला नाटक्या म्हणून दुकान चालवायचं नाहीये.”

आता मात्र आत्याला गप्प राहवेना. तिचा जीव दोन्हीकडे ओढत होता, पण पोराची काहीच चूक नव्हती.

“ती किल्ली तिथेच राहू दे,” ती म्हणाली. “साहेब, हात मागे घे. ऐका सगळे.”

ती उभी राहिली. “दुपारी बॅटरी दुसऱ्यांदा काढली गेली, हे घड्याळ सांगतं. खटपट्या तेव्हा मित्राकडे होता, मी फोन करून खात्री केली. उस्तादला डबी अशी निघते हेच माहीत नव्हतं, आणि पाइपांना कोणी हात लावलेला नाही. साहेबाला रेडिओचा कोड माहीत नाही. त्याने बॅटरी काढली असती तर रेडिओने आख्खी गल्ली उठवली असती. उरले कोड माहीत असलेले दोघं. वहिनी तेव्हा माझ्याबरोबर दुकानात पडद्याचं कापड बघत होत्या, आणि दुकानदार अजून रडत असेल.”

कोणी हसलं नाही. वहिनींची नजर हळूहळू वळली. साहेबाची वळली. खटपट्याची तर आधीपासून तिथेच होती.

“पुढचं मी बोलणार नाही,” आत्या म्हणाली. “ज्याचं आहे त्याने बोलावं.”

दादाने कप खाली ठेवला.

“मी केलं,” तो म्हणाला.

६

“बाबा?” साहेबाचा विश्वास बसेना. “तुमचीच गाडी! तुम्हीच तर सदरा घालून तयार होतात. तुम्ही कशाला कराल?”

आत्या दादाशेजारी जाऊन बसली. “साहेब, तू मघाशी खडीवरून अनवाणी चाललास. काय झालं?”

“जीव गेला माझा.”

“त्याआधी दादा त्याच खडीवरून आला, एक पाय उघडा. आत येऊन निवांत चहा घेतला. मी चप्पल दाखवली तेव्हा त्याला खाली बघून कळलं की पायात चप्पल नाही. तो विसरला नव्हता. त्याला जाणवलंच नव्हतं.” आत्याने दादाच्या गुडघ्यावर हात ठेवला. “माझ्याकडे शिकायला येणारी पोरं पहिल्या दिवशी पायडल शोधायला खाली बघतात. महिन्यात ती सवय जाते. इतकी वर्षं गाडी चालवलेला माणूस ब्रेक दाबायला खाली वाकून बघत होता. मी शेजारीच बसले होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही!”

दादा पायांकडे बघत बोलू लागला. साखर वाढल्यापासून तळपाय बधिर होत गेले होते. आधी मुंग्या, मग काहीच नाही. एकदा चौकात त्याला वाटलं पाय ब्रेकवर आहे, आणि गाडी पुढे उसळली. एक बाई मागे उडी मारून वाचली. तिने शिव्यासुद्धा दिल्या नाहीत, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं. मग तो पिवळा दिवा लागला.

“दिवा लागलेली लिफ्ट मी कधी चालू ठेवली नाही,” दादा म्हणाला. “तोच नियम गाडीला लावला आणि सुटलो. गाडी बिघडली आहे म्हटलं की कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. खटपट्याशी पैज लावली ती काम होणार नाही असं उस्ताद म्हणाले म्हणून. आणि आज दुपारी दिवा विझला. मला आनंद झाला रे, खरंच झाला. आणि लगेच हा म्हणाला, संध्याकाळी तुम्ही सगळ्यांना टेकडीवर न्या. सगळे माझ्या गाडीत. त्या घाटात.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “चार दिवसांनी गुपचूप नवी लावून देणार होतो. शेड तुलाच देणार होतो.”

वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “मला का नाही सांगितलंत?” एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

खटपट्या उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. “चष्मा नव्हता म्हणालात,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंत. डबी काढलीत त्याचं काही नाही, बाबा. पण ते?”

“ते सगळ्यात वाईट केलं,” दादा म्हणाला.

साहेबाने टेबलावरची किल्ली उचलली आणि भावाच्या हातात ठेवली. खटपट्या ती घेऊन बाहेर गेला. जाताना त्याने दार आपटलं नाही, पण मागे वळूनही बघितलं नाही. उस्ताद उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, “बाई, ती डबी सरळ ओढायची ना? तिरकी नाही?” आणि उत्तराची वाट न बघता तोही निघाला.

आत्या त्या रात्री तिथेच राहिली. सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली तीही तिनेच. मग ती आणि वहिनी स्वयंपाकघरात कामाचं सोंग करत उभ्या राहिल्या, कारण तिथल्या खिडकीतून शेडचं दार दिसत होतं. आतून पान्यांचा आवाज येत होता. मग इंजिन सुरू झालं, थोडा वेळ चाललं, बंद झालं. “विझला असणार,” आत्या कुजबुजली आणि तिने वहिनींचा दंड इतका दाबला की त्या ओरडल्याच.

थोड्या वेळाने दादा घरातून बाहेर पडला. हळूहळू, बघून पाऊल टाकत तो शेडपर्यंत गेला. दार सताड उघडं होतं. शेड त्याने स्वतःच्या हाताने बांधलेली, पण तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि उघड्या दारावर टकटक केली.

“आहे का कोणी?”

आतला आवाज थांबला.

“गाडी दाखवायची होती,” दादा म्हणाला.

मग खटपट्या हात पुसत दाराशी आला. बापाकडे नाही, हातातल्या फडक्याकडे बघत त्याने विचारलं, “काय तक्रार आहे गाडीची?”

“गाडीची काही नाही. चालवणाऱ्याचे पाय काम करत नाहीत.”

खिडकीत आत्याने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

खटपट्या आत गेला. आत्याला वाटलं, संपलं. पण तो स्टूल घेऊन परत आला, ते उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि म्हणाला, “बसा. आधी डॉक्टर काय म्हणतात ते बघू. मग स्टिअरिंगखाली एक दांडा बसवता येतो. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. सगळं हाताने. क्लच नाहीच आपल्या गाडीला. पण त्याला परवानगी लागते, आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागते.”

“परीक्षेची तयारी मी करून घेणार!” आत्या खिडकीतून ओरडली. तिला राहवलंच नाही. “आणि दादा, शिव्या पडतील, सांगून ठेवते!”

दोघांनीही वळून बघितलं. खटपट्याला हसू फुटलं, ते त्याने फडक्यात लपवलं.

“किती दिवस लागतील कामाला?” दादाने विचारलं.

“आत्ताच कसं सांगू? नवीन दुकान आहे. पहिलंच गिऱ्हाईक आहात.”

दादा आत आला आणि स्टुलावर बसला. “मला कसली घाई?” तो म्हणाला. “थांबतो मी.”